हाडवैद्याचा मुलगा डॉक्टर झाला आणि मोडलेलं हाड चाकू न लावता जोडायचं शास्त्र देऊन गेला

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडच्या एखाद्या गावात धानाची रोवणी सुरू आहे. बांधावरून एका बाईचा पाय घसरतो, ती पडते आणि हात अंगाखाली येतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचं हाड मोडतं.

आता दोन रस्ते आहेत. गावात हाड बसवणारा माणूस आहे. तो हात ओढून सरळ करेल, झाडपाल्याचा लेप लावेल आणि बांबूच्या कामट्या बांधून देईल. दुसरीकडे शहरात राहणारा भाचा फोनवरून सांगतोय की चंद्रपूरला नाहीतर थेट नागपूरला घेऊन या, ऑपरेशन करून प्लेट टाकू. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडहून बाहेर पडणं किती कठीण असतं हे तिथल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय रोवणीचे दिवस बुडाले तर वर्षभराचा प्रश्न.

मग बरोबर कोण, कामट्यावाला की प्लेटवाला?

या प्रश्नावर जगभरचे हाडांचे डॉक्टर आजही वाद घालतात. आणि या वादाच्या मुळाशी एक विलक्षण माणूस उभा आहे. तो स्वतः हाडवैद्यांच्या घराण्यातला होता. वडील लोकांची हाडं बसवायचे म्हणून कोर्टात खेचले जायचे आणि मुलगा रीतसर सर्जन झाला. त्याचं नाव ह्यू ओवेन थॉमस. ब्रिटनमध्ये त्याला हाडांच्या शास्त्राचा जनक मानतात. भारतातल्या जवळपास प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या कपाटात त्याच्या नावाची एक लोखंडी चौकट पडलेली असते, पण तो कोण होता हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

समुद्रातून आलेलं घराणं

ह्यूचा जन्म १८३४ चा. वेल्सच्या किनाऱ्याजवळ अँगलसी नावाचं बेट आहे, तिथला. त्याच्या घराण्याची एक आख्यायिका सांगितली जाते. अठराव्या शतकाच्या मध्यावर या बेटाजवळ एक जहाज फुटलं आणि एक लहान मुलगा वाचला. त्याची भाषा कुणालाच कळेना. तिथल्या एका कुटुंबाने त्याला सांभाळलं आणि इव्हान थॉमस असं नाव दिलं. हा मुलगा आधी जनावरांची आणि मग माणसांची हाडं बसवू लागला. त्याच्या हाताला इतका गुण होता की पुढच्या पिढ्यांनी तीच विद्या धरली.

ह्यूचे वडील, त्यांचंही नाव इव्हान, ही विद्या घेऊन लिव्हरपूलला आले. त्या काळी लिव्हरपूल म्हणजे जगातलं एक मोठं बंदर. गोदीत माल चढवणारे, जहाजं बांधणारे, बॉयलर ठोकणारे हजारो मजूर. कुणाचा पाय साखळीत अडकायचा, कुणी डोलकाठीवरून पडायचं. ही माणसं डॉक्टरकडे न जाता इव्हानकडे जायची. याचं कारण अडाणीपणा नव्हतं. डॉक्टरकडे गेलं की हात-पाय कापला जाईल अशी भीती होती आणि ती खोटीही नव्हती.

शहरातल्या डॉक्टरांना हे खुपत होतं. पदवी नसलेला माणूस रोगी तपासतो म्हणून इव्हानला वारंवार कोर्टात खेचलं गेलं. धंदा बंद पडला नाही, पण दरवेळी नाचक्की आणि मनस्ताप व्हायचाच. शेवटी बापाने एक निर्णय घेतला. आपल्या पाचही मुलांना डॉक्टर करायचं. घरची विद्या राहील आणि हातात कागदही येईल.

आपल्याकडे जडीबुटीवाल्या बापाने मुलाला एमबीबीएसला घालावं, तसाच हा प्रकार.

दोन विद्या, एक माणूस

ह्यू लहानपणी तब्येतीने नाजूक होता. एकदा दगड लागून त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पापणी कायमची वाकडी झाली. पुढे आयुष्यभर तो खलाशांसारखी टोपी त्या डोळ्यावर झुकवून घालायचा. बारीक अंगकाठी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, ती तिरकी टोपी आणि ओठात सिगारेट. लिव्हरपूलच्या गरीब वस्त्यांत हा अवतार लांबूनही ओळखू यायचा.

मामाच्या हाताखाली चार वर्षं उमेदवारी, मग एडिनबरा आणि लंडनला शिक्षण, असं करत १८५७ साली तो सर्जन झाला. त्यानंतर लगेचच, इकडे चांद्याच्या जंगलात बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढत होते त्या सुमारास, तिकडे हा नवा डॉक्टर बापाच्या दवाखान्यात काम करू लागला होता.

पण बापलेकांचं जमलं नाही. बापाकडे हाताची समज होती, पण आत काय चाललंय याचं शास्त्र नव्हतं. मुलाकडे शरीरशास्त्र होतं आणि प्रत्येक गोष्ट का होते हे विचारायची सवय होती. साधारण वर्षभरात दोघे वेगळे झाले. तरी घरातून एक गोष्ट तो घेऊन निघाला, ती म्हणजे मोडलेल्या अवयवाला हात लावून आतली परिस्थिती ओळखायची कला. ती कोणत्याच कॉलेजात शिकवली जात नव्हती.

इथून पुढे थॉमस यांनी एकट्याने दवाखाना चालवला. ११, नेल्सन स्ट्रीट हा त्यांचा पत्ता कामगारांना पाठ झाला. कामगारांच्या मंडळांचे ते डॉक्टर झाले. रविवारी गरिबांना फुकट तपासायचे. पण कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात त्यांना कधीच जागा मिळाली नाही. शहरातले मान्यवर डॉक्टर त्यांना हाडवैद्याचा पोरगाच समजत राहिले.

त्या काळी चाकू म्हणजे काय होतं?

आज ऑपरेशन म्हटलं की डोळ्यांसमोर स्वच्छ थिएटर, भूल आणि अँटिबायोटिक्स येतात. थॉमस यांच्या तरुणपणी असं काही नव्हतं. भूल नुकतीच आली होती, पण जंतू म्हणजे काय हेच बहुतेक सर्जनना ठाऊक नव्हतं. रक्ताने माखलेला कोट घालून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जायचे. हाड मोडून कातडीबाहेर आलं असेल तर जखम सडायची आणि माणूस मरायचा. म्हणून अशा वेळी हात किंवा पाय कापून टाकणं हाच जीव वाचवायचा मार्ग मानला जाई.

ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये कार्बोलिक ॲसिड लावून अशा जखमा बऱ्या करून दाखवायला सुरुवात केली आणि १८६७ मध्ये ते छापलं. पण ही पद्धत सगळीकडे पोचायला बरीच वर्षं गेली.

एक्स-रे तर नव्हताच. तो १८९५ मध्ये सापडला आणि थॉमस १८९१ मध्ये गेले. म्हणजे या माणसाने आयुष्यात मोडक्या हाडाचा एकही फोटो पाहिला नाही. जे काही कळलं ते बोटांनी आणि डोळ्यांनी.

अशा काळात त्यांनी एक साधी गोष्ट धरून ठेवली. हाड स्वतःच जुळतं. डॉक्टर ते जोडत नाही. डॉक्टरचं काम एवढंच की हाड जुळेपर्यंत त्याला कुणी त्रास देणार नाही अशी व्यवस्था करायची. त्यासाठी विश्रांती हवी आणि ती सक्तीची, अखंड आणि पुरेशी लांब हवी, हे त्यांचं सूत्र.

ऐकायला सोपं वाटतं. पण बॉयलर ठोकणाऱ्या मजुराला विश्रांती कशी देणार? घरी पोरं उपाशी.

मागच्या खोलीतला लोहार

इथे थॉमस यांचं खरं वेगळेपण दिसतं. त्यांनी दवाखान्यातच एक कार्यशाळा उभी केली. तिथे लोहार होता, चामड्याचं काम करणारा कारागीर होता. रोगी समोर बसला की त्याच्या मापाची चौकट तिथल्या तिथे तयार व्हायची. अशी की ती घालून माणूस हिंडू शकेल, पण मोडका किंवा सुजलेला भाग हलणार नाही. सगळ्या शरीराला अंथरुणात डांबायचं नाही, फक्त दुखऱ्या भागाला डांबायचं.

यातूनच थॉमस स्प्लिंट आली. जांघेत बसणारी चामड्याने मढवलेली लोखंडी कडी आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी तळव्याच्या खाली जाणाऱ्या दोन सळ्या. १८७५ मध्ये त्यांनी खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या आजारांवर पुस्तक लिहून त्यात आपली साधनं मांडली.

दुखापत झालेल्या हातासाठीची त्यांची युक्ती तर याहून साधी होती. गळ्यात एक पट्टा आणि त्याला अडकवलेलं मनगट. बस. आजही डॉक्टर ज्याला कॉलर अँड कफ म्हणतात ती हीच गोष्ट आणि तिचं श्रेय थॉमस यांना दिलं जातं.

दंड मोडलेल्या माणसाला याचा फायदा का होतो, ते समजून घेण्यासारखं आहे. मनगट गळ्यात अडकवलं की कोपर मोकळं लोंबतं. कोपराचं आणि हाताचं वजन खालच्या तुकड्याला हळूहळू खाली ओढत राहतं. मोडलेली टोकं एकमेकांवर चढलेली असतील तर ती सरळ रेषेत येऊ लागतात. म्हणजे इथे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच फुकटात, चोवीस तास डॉक्टरचं काम करतं.

पण नेहमीच्या त्रिकोणी झोळीत हात घातला, किंवा कोपर उशीवर टेकवून बसलं, तर हे वजन नाहीसं होतं आणि हाड वाकडं जुळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच दंड मोडलेल्या रोग्याला सुरुवातीचे काही आठवडे अर्धवट बसून झोपायला सांगतात.

जे हाड काही केल्या जुळत नाही त्याचाही थॉमस यांनी विचार केला होता. मोडलेल्या जागी हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि वर-खाली रबर बांधून तिथे रक्त साठवायचं, म्हणजे झोपलेलं हाड जागं होईल, असा त्यांचा प्रयोग होता. आजच्या डॉक्टरला तो विचित्र वाटेल. पण न जुळणाऱ्या हाडाला रक्तपुरवठा आणि चेतना लागते, ही कल्पना आजही टिकून आहे.

चुका आणि भांडणं

थॉमस देवमाणूस होते असं समजायचं कारण नाही. स्वभाव तिखट. पुस्तकं बोजड आणि त्यांत इतर डॉक्टरांवर तोंडसुख. सांधा कापून काढणाऱ्या सर्जनवर तर त्यांचा विशेष राग. परिणाम असा झाला की त्यांचं म्हणणं बरोबर असलेल्या जागीही फार कुणी ऐकलं नाही.

शिवाय विश्रांतीवरची त्यांची श्रद्धा जरा जास्तच होती. क्षयाने सुजलेल्या गुडघ्याला महिनोन् महिने विश्रांती देणं त्या काळी योग्य होतं, कारण क्षयावर औषधच नव्हतं. पण मोडलेल्या हाताला तसंच डांबून ठेवलं तर खांदा आणि कोपर आखडतात. हाड जुळतं आणि हात मात्र डोक्यापर्यंत जात नाही. ही त्रुटी पुढच्या पिढ्यांनी दुरुस्त केली.

१८९१ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, थॉमस यांना न्यूमोनिया झाला आणि त्यातच ते गेले. वय अवघं ५६. मूलबाळ नव्हतं. अंत्ययात्रेला लिव्हरपूलचे हजारो कामगार रस्त्यावर आले. मोठ्या हॉस्पिटलांनी ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याला निरोप द्यायला गोदी आली.

भाच्याने मामाचं नाव राखलं

थॉमस यांच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स १८७३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांच्याकडे राहायला आला होता. त्याने मामाचं काम अगदी जवळून पाहिलं. मामाकडे नव्हतं ते त्याच्याकडे होतं, म्हणजे गोड स्वभाव.

१८८७ मध्ये मँचेस्टरपर्यंत जहाजं नेण्यासाठी सुमारे ५८ किलोमीटर लांबीचा कालवा खोदायला सुरुवात झाली. हजारो मजूर, दरडी, वाघिणी, सुरुंग. रोज अपघात. जोन्स यांच्यावर त्यांच्या उपचारांची जबाबदारी आली. त्यांनी मजुरांना शहरात आणायची वाट पाहिली नाही. कालव्याच्या काठाने तीन छोटी हॉस्पिटलं आणि मधे प्रथमोपचाराची ठाणी उभारली. मोडलेला हात असो वा पाय, पहिली पट्टी जागेवरच आणि नीट बांधली जाईल अशी ही व्यवस्था होती. अपघातग्रस्तांसाठीची जगातली ही पहिली संघटित सेवा मानली जाते.

मग पहिलं महायुद्ध आलं. गोळीने मांडी मोडलेले सैनिक खंदकातून हॉस्पिटलात पोचेपर्यंत मरत होते. सुरुवातीच्या काळात अशा दहापैकी आठ जण दगावत, असं सांगितलं जातं. जोन्स यांनी मामाची चौकट आघाडीवर पोचवली. जखमी माणूस जिथे पडला तिथेच, बूट न काढता, ती पायात चढवायची. मृत्यूंचं प्रमाण दहात दोनच्या आसपास आलं. थॉमस जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं उलटली होती.

यात एक गोष्ट नजरेत भरते. या सैनिकांना वाचवणारी पहिली गोष्ट ऑपरेशन नव्हती. नीट, वेळेवर आणि जागेवर बांधलेली चौकट होती.

मग प्लेट कुठून आली?

विसाव्या शतकात चित्र पालटलं. जंतुमुक्त थिएटर, एक्स-रे, पेनिसिलिन, सुरक्षित भूल आली. चाकूची भीती कमी झाली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या काही सर्जननी एओ नावाचा गट स्थापन केला. मोडलेलं हाड प्लेट-स्क्रूने घट्ट बसवायचं आणि लगेच हालचाल सुरू करायची, असा त्यांचा आग्रह. थॉमस यांच्या लांब विश्रांतीच्या अगदी उलट.

मांडीच्या हाडाबाबत हा विचार जिंकला. आज मांडी मोडलेल्या प्रौढ माणसाला महिनोन् महिने वजन लावून झोपवत नाहीत, रॉड टाकतात. थॉमस स्प्लिंट आता हॉस्पिटलात पोचेपर्यंतची सोय म्हणून वापरतात.

पण दंडाचं हाड वेगळं निघालं.

त्याची कारणं शरीरातच आहेत. दंडावर चालायचं नसतं, त्यामुळे शरीराचं वजन पेलायचं नसतं. भोवती स्नायूंचं जाड वेष्टन असतं, ते रक्तही पुरवतं आणि आधारही देतं. आणि खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा फिरणारा सांधा आहे. हाड थोडं वाकडं जुळलं तरी तो सांभाळून घेतो. समोरच्या दिशेने २० अंश, बाजूला ३० अंश किंवा ३ सेंटिमीटर आखूड, इतका फरक राहिला तरी बहुतेक लोकांचं रोजचं काम अडत नाही, असं डॉक्टर मानत आले आहेत.

ऑगस्टो सार्मिएंतो नावाच्या मूळ कोलंबियन सर्जनने अमेरिकेत हीच गोष्ट पुढे नेली. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सूज उतरली की प्लास्टर काढायचं आणि दंडाभोवती घट्ट करता येणारी प्लॅस्टिकची नळी, म्हणजे ब्रेस, बसवायची. खांदा मोकळा, कोपर मोकळं. हाड धरलेलं, पण हात हलता. थॉमस यांची त्रुटी अशी दुरुस्त झाली. १९७७ मध्ये ही पद्धत छापून आली. २००० साली त्यांनी ९२२ रोग्यांचा अनुभव मांडला. कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये हाड न जुळण्याचं प्रमाण शेकडा दोनपेक्षाही कमी होतं.

हा आकडा पाहून वाद संपला असं वाटेल. पण त्यातच एक मेख आहे. त्या ९२२ पैकी शेवटपर्यंत तपासायला मिळाले फक्त ६२०. बाकीचे परत आलेच नाहीत. त्यांच्या हातांचं काय झालं, हे आकड्यात नाही.

पुढे फिनलंडमध्ये डॉक्टरांनी ८२ रोग्यांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला प्लेट, दुसऱ्याला ब्रेस. २०२० मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या हाताच्या कामात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र ब्रेसवाल्यांपैकी जवळपास प्रत्येक तिसऱ्या माणसाला नंतर ऑपरेशन करावं लागलं, मुख्यतः हाड जुळत नव्हतं म्हणून.

खांद्याजवळ मोडलेल्या दंडाबाबत ब्रिटनमध्ये २५० रोग्यांवर अशीच चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर ऑपरेशन केलेले आणि न केलेले जवळपास सारखेच.

म्हणजे ऑपरेशनशिवाय बहुतेकांचं भागतं. पण कुणाचं भागत नाहीये, हे वेळेत ओळखणारा कुणीतरी हवा.

गडचिरोलीत याचा अर्थ काय?

आता पुन्हा रोवणीतल्या त्या बाईकडे येऊ.

चंद्रपूर आणि गडचिरोली, १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथून तिथे यायचं म्हणजे जंगलातला लांबचा प्रवास. याच भागात १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसताना, हाताशी असेल त्या साधनांनी, अस्वलाने फाडलेल्या माणसांवरही उपचार केले. उपचार माणसाजवळ न्यायचे, हे कालव्याकाठचं तत्त्व इथे वेगळ्या वाटेने आलं.

बांबूच्या कामट्या बांधणारा गावातला माणूस, मुळात पाहिलं तर, थॉमस यांच्या घराण्याचाच भाऊबंद आहे. हाड धरून ठेवलं की जुळतं, हे त्याचं निरीक्षण खरंच आहे. बांबू ही पट्टी म्हणूनही वाईट नाही.

मग धोका कुठे आहे? तीन ठिकाणी.

पहिला धोका आवळून बांधण्याचा. मोडल्यावर हात सुजतो. पट्टी घट्ट असेल तर रक्त थांबतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. बोटं थंड, निळसर किंवा बधिर पडली, बोटं सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, तर तीच पट्टी आधी सैल करायची आणि दवाखाना गाठायचा. इथे सकाळपर्यंत थांबलं तर हात जाऊ शकतो.

दुसरा धोका नसेचा. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक नस जाते. ती मनगट आणि बोटं वर उचलते. दंड मधोमध मोडला की साधारण दहातल्या एका माणसाची ही नस दुखावते आणि मनगट लुळं पडतं. बहुतेकदा ती काही महिन्यांत आपोआप सुधारते. पण हात ओढण्याआधी हे तपासलंच नाही, तर नस पडल्यामुळे दुखावली की ओढल्यामुळे, हे कळत नाही. म्हणून कुणीही हाताला हात लावण्याआधी रोग्याला मनगट वर करायला सांगायचं.

तिसरा धोका परत न जाण्याचा. ब्रेस किंवा प्लास्टर ही एकदा बांधून विसरायची वस्तू नाही. सूज उतरली की ते सैल होतं. सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी आणि एक्स-रे लागतो. हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे जातात. दोन-तीन महिन्यांनी जुळायचं लक्षण नसेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो. हे कुणी पाहिलंच नाही तर हाडाच्या जागी खोटा सांधा तयार होतो आणि हात लोंबकळत राहतो.

दुसऱ्या बाजूने, काही वेळा ऑपरेशनला पर्याय नसतो. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, मनगटाची नाडी लागत नसेल, त्याच हाताचं कोपराखालचं हाडही मोडलं असेल, दोन्ही दंड मोडले असतील, किंवा कितीही प्रयत्न केला तरी हाड रेषेत राहत नसेल, तर कामट्या आणि ब्रेस यांचा हट्ट धरू नये. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकावं, हात अंगालगत बांधावा आणि १०८ ला फोन करावा.

आणि ऑपरेशन म्हणजे निव्वळ सोयही नाही. जंतुसंसर्ग, नसेला इजा, भुलेचा धोका हे असतंच. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रोग्याला भूल देताना ऑक्सिजन, पाणी आणि शरीराची ऊब यांची जास्त काळजी घ्यावी लागते. म्हणून या भागातल्या माणसाने ऑपरेशनआधी आपला सिकलसेलचा रिपोर्ट डॉक्टरला दाखवायलाच हवा.

मग दर आठवड्याला एवढ्या लांब येणं जिला जमणारच नाही, तिने काय करायचं? अशा वेळी डॉक्टर कधी कधी ब्रेसने भागेल अशा फ्रॅक्चरलाही प्लेट सुचवतात. त्यात फसवणूकच असते असं नाही. पुढचे आठ-दहा फेरे जमणार नाहीत, तर एकदाच पक्कं करून पाठवलेलं बरं, असा तो हिशेब असतो. रोग्यानेही तो उघडपणे विचारावा. किती वेळा यावं लागेल, एक्स-रे जवळ कुठे निघेल, कामावर कधी जाता येईल, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल. ही उत्तरं मिळाली की निवड सोपी होते.

थॉमस यांच्याकडे प्लेट नव्हती, एक्स-रे नव्हता, हॉस्पिटलही नव्हतं. पण रोगी चालत येऊ शकेल अशा जागी दवाखाना होता, मागच्या खोलीत लोहार होता आणि पट्टी बांधलेला मजूर पुन्हा दाखवायला यायचा. कारण रविवारी तिथे पैसे लागत नसत.

भामरागडच्या त्या बाईचा दंड कामट्यांनी बरा होईल की प्लेटने, याचं उत्तर निम्मं तिच्या एक्स-रेत आहे. उरलेलं निम्मं, पुढच्या सोमवारी तिचा हात पुन्हा पाहायला कुणी आहे की नाही, यात.